माफी झाली, बसा

“माफी झाली. बसा आता,” अम्मा माझ्या कानाशी लागून म्हणाल्या आणि मी मुकाट्यानं बसले. बँकेत पासबुक भरून देणारा माणूस ‘एन्ट्री झाली, पुढचे’ म्हणतो, अगदी तोच सूर. खडकीतलं जुनं दगडी चर्च, तेलुगू उपासना, रविवार, दुपारचे साडेचार, दिवाळी चार दिवसांवर आलेली. बाहेर पोरांनी लवंगी माळांची रंगीत तालीम सुरू केली होती आणि आत लांब दांड्यांना लटकलेले पंखे आपल्याच तंद्रीत फिरत होते. पुढे दीड तास उपासना चालली, मग रिक्षा, मग घरी येऊन खिचडी टाकली, पण ते दोन शब्द काही डोक्यातून जाईनात. कुणाची माफी? कशाबद्दल? मी तर काही मागितलंसुद्धा नव्हतं. मागायला मला तेलुगू कुठे येतं?

अम्मा आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहतात. मूळच्या आंध्रातल्या, गुंटूरकडच्या. यजमान दारूगोळा कारखान्यात होते, त्यामुळे उभा संसार खडकीत झाला. मराठी फाडफाड बोलतात, फक्त लिंगांचा हिशेब त्यांनी कधी ठेवला नाही. त्यांचा चहा ‘झाली’ असते आणि भाजी ‘झाला’ असतो. दर रविवारी मुलगा त्यांना स्कूटरवरून नेतो. त्या आठवड्यात तो परगावी होता, म्हणून शनिवारी जिना चढून वर आल्या. “टीचर, उद्या आमचा लूथरचा सण आहे. चला माझ्याबरोबर. एकटी म्हातारी बघून रिक्षावाले जास्ती पैसे सांगतात.” मी नगरची, मिशनच्या शाळेत शिकलेली, बाबा मंडळीचे ‘वडील’, म्हणजे चर्चचे पंच, म्हणून तीस वर्षं पहिल्या बाकावर बसलेले. प्रॉटेस्टंट उपासनेत मला कुणी नवीन काय दाखवणार, असा एक ताठा माझ्यात होताच. ‘चला’ म्हटलं.

त्या रविवारी सकाळीच धाकट्या भावाशी फोनवर वाजलं होतं. नगरचं घर विकायचं घाटतंय. त्याचं म्हणणं, एक टेम्पो बोलावू, कपाटं, पेट्या, जुनी पुस्तकं, सगळं एका दिवसात भंगारात काढू. माझं म्हणणं, एकही वस्तू हलवायची नाही. बाबांच्या हार्मोनियमवर गाडी अडली. मी काय काय बोलले ते सगळं सांगत नाही. शेवटचं तेवढं सांगते, “बाबा दवाखान्यात होते तेव्हा तू कुठे होतास रे?” पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग “ठेवतो” म्हणाला. ते वाक्य चार वर्षं मी जपून ठेवलं होतं, ठेवणीतल्या साडीसारखं, प्रसंग बघून काढायला. काढलं, आणि दुपारी अम्मांचा हात धरून चर्चची पायरी चढले.

दाराशी चपलांचा ढीग. आत डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष, सगळ्यांच्या डोक्यावर पदर. माझाही पदर अम्मांनी हात लांब करून सारखा केला, लहान मुलीचा करावा तसा. वेदीवर लाल कापड. एरवी हिरवं असतं, उपवासकाळात जांभळं, पुनरुत्थानाला पांढरं. लाल आगीचं आणि रक्ताचं म्हणून पेंटेकॉस्टला, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या सणाला, आणि या सणाला. विटेनबर्गमध्ये १५१७च्या ३१ ऑक्टोबरला जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरनं पापक्षमेच्या पत्रांच्या विक्रीविरुद्ध पंच्याण्णव मुद्दे मांडले, त्याची ही आठवण. अम्मांची मंडळी त्याच्याच नावाची, लूथरन. पाळक, ज्यांना सगळे ‘अय्यगारु’ म्हणत होते, पांढऱ्या झग्यात पुढे आले आणि पहिली गोष्ट काय केली असेल, तर आमच्याकडे पाठ फिरवली. तसेच पाठमोरे, वेदीकडे तोंड करून वाचू लागले. सगळी मंडळी त्यांच्यामागून एका सुरात. मला ते खटकलं. आमच्याकडे पाळकसाहेब पुलपिटावरून थेट डोळ्यात बघतात, कोण आलं कोण नाही याची मनातल्या मनात हजेरी घेतात. इथे मात्र पाठ, झग्याची चुणी आणि मानेवरची घामानं ओली झालेली पट्टी. मग वाचता वाचता ते थांबले, वळले, पहिल्यांदा आमच्याकडे बघितलं, हात वर केला आणि तीन-चार वाक्यं बोलले. मंडळी ‘आमेन’ म्हणाली. आणि अम्मा म्हणाल्या, माफी झाली.

पुढे वाचताना कळलं की पाठमोरं वाचलं तो पापांगीकार, वळून दिली ती क्षमा, आणि त्या वळण्याला व्याकरण आहे. माणसांच्या वतीनं देवाशी बोलायचं तेव्हा तोंड वेदीकडे, म्हणजे तेव्हा पाळक आमच्यातलाच एक, रांगेत सगळ्यांत पुढे उभा असलेला. देवाच्या वतीनं माणसांशी बोलायचं तेव्हा तोंड आमच्याकडे. शास्त्रपाठ आमच्याकडे, प्रार्थना तिकडे, आशीर्वाद आमच्याकडे. उपासनेत देवाकडून येणारं काय आणि आपण देवाला देतो ते काय, हा फरक लूथरचा सहकारी मेलान्श्टननं कागदावर नीट मांडून ठेवलाय. तो कागद न वाचताही इथे माणसाच्या नुसत्या वळण्यावरून कळत होतं की बोलणं आता कुणाकडून कुणाकडे चाललंय. भाषा न कळणाऱ्या बाईची ही केवढी सोय.

पण क्षमेचं काही गळी उतरेना. आमच्या नगरच्या मंडळीला अमेरिकन मिशनचं वळण. छापील प्रार्थना म्हणजे कोमट चहा, असं बाबांचं मत. “पत्र वाचून दाखवतोस का बापाला? तोंडानं बोल की,” ते म्हणायचे. रोज रात्री जेवणं झाली की चटईवर गोल बसायचो. एक भजन, मग बाबांची प्रार्थना, स्वतःच्या शब्दांत, डोळे घट्ट मिटून. आणि ती इतकी स्वतःच्या शब्दांत असायची की मला आजही कानामात्रेसकट पाठ आहे. ‘हे दयाळू बापा, गेलेल्या दिवसाबद्दल आणि आलेल्या रात्रीबद्दल तुझे उपकार’ इथून निघायची, ‘जे आजारी, जे प्रवासात, जे परीक्षेला बसले आहेत’ या स्टेशनांवर थांबत थांबत ‘आमची काही लायकी नसता’ इथे पोचायची, आणि तिथे बाबांचा आवाज दर रात्री किंचित ओला व्हायचा. धाकट्याला ती सगळी नक्कल यायची. आई मंडईत गेली की तो बाबांचा चष्मा लावून चटईवर बसायचा आणि ‘लायकी नसता’ला असा हुंदका काढायचा की मी हसून हसून लोळायचे. बाबा गेल्यावर मात्र, अंत्यविधीच्या रात्री, कुणालाच काही सुचेना तेव्हा त्यानंच ती प्रार्थना म्हटली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, हुंदक्यासकट. त्या रात्री कुणी हसलं नाही. हे मला त्या रविवारी बाकावर बसल्यावर आठवलं, सकाळी फोनवर आठवलं नव्हतं.

म्हणजे छापील नव्हती इतकंच.

खरं तर पुण्यात राहून हे कळायला मला एवढा वेळ लागायला नको होता. आमच्या सोसायटीत गणपतीच्या दहा दिवसांत आरत्या चालतात, तिथे पुस्तक हातात धरलेला माणूस नवखा समजावा. चार वर्षांचं पोरगंसुद्धा टाळ्या चुकवत नाही. मंत्रपुष्पांजली आली की निम्म्यांचा आवाज एकदम खाली जातो आणि ओठ मात्र हलत राहतात, शेवटच्या ओळीला सगळे पुन्हा जोमात. हे मनापासून नाही असं कुणी म्हणेल का? दुसऱ्या मजल्यावरचे काका वर्षभर कुणाशी बोलत नाहीत, आरतीला मात्र त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर. त्यांना कुणी ‘स्वतःच्या शब्दांत बोला’ म्हटलं तर ते त्या दहा दिवसांतही बोलायचे नाहीत.

त्या दुपारी मला तेलुगूचं एक वाक्य धड कळत नव्हतं, तरी मी कुठेच हरवले नाही, ही खरी नवलाची गोष्ट. ‘प्रभुवा’ आलं तेव्हा कळलं की दयेची याचना चाललीय. सगळे उभे राहून एका दमात लांबलचक काही म्हणू लागले आणि मध्येच ‘पोंति पिलातु’ ऐकू आलं. आपला पंतय पिलात! मतांगीकार चाललाय तर. इतक्या मोठ्या विश्वासाच्या कबुलीत आई मरिया सोडली तर माणूस म्हणून नाव येतं ते या एकट्याचं, हात धुऊन मोकळ्या झालेल्या सुभेदाराचं. आणि खडकीत, तेलुगूत, मला वाट दाखवायला तोच सापडावा. मग मी मराठीतून त्यांच्या बरोबरीनं म्हणू लागले. ते ‘परलोकमंदुन्न मा तंड्री’ म्हणाले, मी ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’. भाकरीच्या ओळीला आम्ही साधारण एकाच वेळी पोचलो. अम्मांनी माझ्याकडे तिरकं बघितलं आणि बोटानं पुस्तकातली ओळ दाखवली, जशी काही मला ती लिपी येतच होती.

लूथर म्हटलं की मला हातोडा घेतलेला माणूस डोळ्यांपुढे यायचा. जुनं मोडणारा. अम्मांचा सण झाल्यावर मी आठवडाभर वाचत बसले आणि मला वेगळाच माणूस भेटला. १५२१ साली त्याला वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपून राहावं लागलं. तो नसताना इकडे विटेनबर्गमध्ये त्याचा सहकारी कार्लश्टाट यानं नाताळच्या दिवशी झगा न घालता, साध्या कपड्यांत प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या शेवटच्या जेवणाची भाकर आणि द्राक्षारस, दिलं. पुढे लोकांनी मूर्ती आणि चित्रं फोडायला सुरुवात केली. सगळं लूथरच्याच नावानं. मार्च १५२२मध्ये लूथर किल्ल्यातून परत आला आणि ओळीनं आठ दिवस प्रवचनं केली. त्याचं म्हणणं असं की बदल व्हायला हवेत, पण जबरदस्तीनं नाहीत. ज्यांची समजूत अजून तिथवर आलेली नाही त्यांच्या हातातलं हिसकावून घ्यायचं नाही. पुढच्या वर्षी त्यानं उपासनेचा जो क्रम लिहिला तो चक्क लॅटिनमध्ये. दयेची याचना, स्तुतिगान, मतांगीकार, ‘पवित्र, पवित्र, पवित्र’, सगळं जागच्या जागी. काढून टाकलं ते भाकर आणि द्राक्षारस म्हणजे आपण देवाला चढवलेलं बलिदान असं सांगणाऱ्या प्रार्थना. त्याच्या मते इथे देणारा देव आणि घेणारे आपण, उलट नव्हे. बाकी बरंच राहू दिलं, आणि १५२६मध्ये जर्मन भाषेतला क्रम छापला तेव्हाही बजावलं की याचा कायदा करू नका. हे वाचताना मला सारखं नगरचं घर दिसत होतं. धाकटा टेम्पो बोलावणारा, मी एक खिळाही न काढू देणारी. अख्खं घर तसंच ठेवून त्यातला नेमका एक खण रिकामा करायचा, हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं.

आणि एक गंमत. जर्मन उपासना करताना लूथरचा आग्रह होता की नुसते शब्द भाषांतरित करून भागायचं नाही. शब्द, चाल, आघात, सगळं मायबोलीतूनच उगवलं पाहिजे, नाहीतर ती माकडानं केलेली नक्कल. हे त्यानं १५२५च्या सुमारास लिहिलं. गुंटूरला लूथरन मिशनरी पोचला तो १८४२मध्ये, आणि तो अमेरिकेहून आला होता. त्या दुपारी ‘परिशुद्धुडु, परिशुद्धुडु, परिशुद्धुडु’ची जी चाल मी ऐकली ती कृष्णेच्या काठची वाटली नाही. विलायती सुरावटीत तेलुगूचे लांब लांब शब्द घाईनं बसवलेले, टेम्पोत सामान बसवावं तसे. उलट आमच्याकडे रेव्हरंड टिळकांपासून अभंग, ओव्या, टाळ, पेटी. लूथरच्या मनातली उपासना पाहायची तर त्याचं नावही न लावणाऱ्या नगरच्या मंडळीत पाहावी. बाबांना हे सांगता आलं असतं तर ते आठवडाभर ऐटीत फिरले असते. अम्मांना मी सांगितलं नाही.

मग १५२९ सालचं मारबुर्ग. प्रभुभोजनाबद्दल लूथर आणि स्वित्झर्लंडचा झ्विंग्ली यांची बैठक. झ्विंग्लीचं म्हणणं, भाकर देताना ख्रिस्त म्हणाला त्या ‘हे माझं शरीर आहे’ यातल्या ‘आहे’चा अर्थ ‘दर्शवतं’ असा घ्यायचा. मी ज्या वळणात वाढले ते याच बाजूचं, भाकर म्हणजे आठवण. लूथरनं चर्चा सुरू होण्याआधी टेबलावर खडूनं ते वाक्य लॅटिनमध्ये लिहून ठेवलं होतं आणि तिथून तो हलला नाही. ‘आहे’ म्हणजे आहे. एका क्रियापदासाठी दोन मंडळ्या वेगळ्या झाल्या, आणि मी शाळेत पस्तीस वर्षं मराठी शिकवलेली बाई, मला पहिल्यांदाच वाटलं की क्रियापदासाठी एवढं भांडणं अगदीच काही वेडेपणाचं नाही. ‘माफी होईल’, ‘माफी व्हावी’, ‘माफी मिळो’, यातलं काहीही अम्मा म्हणाल्या असत्या तर मी घरी येऊन खिचडी खाऊन झोपले असते. त्या ‘झाली’ म्हणाल्या. आयुष्यभर चहाला ‘झाली’ म्हणणाऱ्या बाईचं व्याकरण नेमकं इथे बिनचूक निघालं.

काही लूथरन पुस्तकांत पाळक ‘ख्रिस्ताच्या आज्ञेवरून मी तुम्हांला क्षमा करतो’ असं सरळ म्हणतो, काहींत ‘देवानं आपल्याला क्षमा केली आहे’ एवढंच जाहीर करतो. पण दोन्हींत ती बातमी बाहेरून येते, माझ्या आत डोकावून मला किती वाईट वाटलंय ते मोजत बसत नाही. लूथरच्या ‘लहान प्रश्नोत्तरी’ या शिकवणीच्या पुस्तकात पापांगीकाराला आलेल्या माणसाला पाळक विचारतो, माझी क्षमा ही देवाचीच क्षमा आहे असा तुझा विश्वास आहे का? बाबांच्या वळणात हा प्रश्नच उलट होता. तुला खरंच पस्तावा झालाय का, मनापासून झालाय का, अजून जरा खोल जाऊन बघ. मी बघतच राहिले, वर्षानुवर्षं. आणि खोल जाऊन बघावं तर तिथे ठेवणीतली वाक्यं घडी घालून ठेवलेली.

प्रभुभोजनाची वेळ आली तेव्हा बाहेर पोरांच्या हाती मोठा फटाका लागला होता. प्रत्येक बाराला एक बाळ दचकायचं आणि त्याची आई पदरानं त्याचे कान झाकायची. अय्यगारूंनी भाकर उचलली. त्यांच्या वाक्यातले मला तीनच शब्द लागले. मी. कोरकु. शरीरमु. ‘मी’ ऐकून मी दचकलेच, माझं काय काम तिथे? मग वाटलं, ख्रिस्त स्वतःबद्दल बोलतोय, मी असा, मी तसा. रिक्षात अम्मांना विचारलं तर हसायला लागल्या. “तेलुगूत ‘मी’ म्हणजे तुमचं. मी कोरकु म्हणजे तुमच्यासाठी.” तेव्हा रिक्षा खडकी बाजाराच्या गर्दीत अडकली होती, कंदिलांच्या दुकानांपुढे. दुसऱ्याच्या तोंडचं ‘तुमच्यासाठी’ माझ्या कानाला ‘मी’ ऐकू यावं, हे काही कुणी ठरवून केलेलं नव्हतं.

मी पुढे गेले नाही. अम्मांनी कोपरानं खुणावलं, “चला, अय्यगारु काही म्हणणार नाहीत.” पण माझे पाय उठले नाहीत. अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, हे शास्त्रवचन बाबांचं आवडतं. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत ‘भाऊ’ म्हणजे कुणीही शेजारीपाजारी असेल, माझ्या बाबतीत अगदी सख्खा निघाला. बायका एकेक करून कठड्यापाशी गुडघे टेकत होत्या. ज्यांना टेकता येत नव्हते त्या उभ्यानंच हात पुढे करत होत्या. अम्मा उभ्या राहिल्या, एका हातानं कठडा धरून. परत आल्या तेव्हा तोंड मिटलेलं होतं आणि त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

हे सगळं मला आवडलं असं कुणी समजू नये. प्रवचन लांबलं, तेलुगूत तर फारच. आणि ‘झाली’मध्ये एक धोका दिसतोच. रविवारी दुपारी चिठ्ठी फाडून घ्यायची आणि सोमवारी पुन्हा तेच वाक्य कपाटातून काढायचं. हे लूथरनांनाही ठाऊक आहे. डीट्रिश बोनहोफर त्यांच्यातलाच पाळक, त्यानं १९३७ साली आपल्याच लोकांना सुनावलं होतं की तुम्ही कृपा स्वस्त करून टाकलीत. हिटलरच्या राजवटीनं त्याला १९४५च्या एप्रिलमध्ये फासावर दिलं, त्यामुळे त्याच्या बोलण्याला वजन आहे. माझ्या बोलण्याला तसं काही नाही. मी फक्त एवढंच पाहिलं की त्या दुपारनंतर दीड महिना झाला तरी मला भावाला फोन करता आलेला नव्हता. दरवेळी आधी मनातल्या मनात बोलणं जुळवत होते, स्वतःच्या शब्दांत, आणि प्रत्येक खेपेला त्यात एक ‘पण’ येत होता.

काल संध्याकाळी खाली गेले. अम्मा दाराशी खुर्ची टाकून मटार सोलत होत्या. मी सरळ विचारलं, “अम्मा, त्या दिवशी तुम्ही म्हणालात माफी झाली. कुणाची झाली?”

त्यांना आधी आठवेना. मग आठवलं. माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मीच त्यांना काहीतरी भलतं विचारलंय. “सगळ्यांची.”

“मी तर काहीच म्हटलं नव्हतं.”

“उभ्या होतात ना?” त्यांनी एक शेंग नखानं उकलली. “मग. बसा. ही घ्या परात.”

मी पायरीवर बसले. शेंगा कोवळ्या होत्या, काहींत दाणे धरलेलेच नव्हते, त्या अम्मा बाजूला न टाकता तोंडात टाकत होत्या. मटार सोलून झाले तेव्हा साडेसहा वाजले होते. धाकटा सातला घरी पोचतो.